पिवळी पेज

भात पिवळं पडू लागलं की आमच्याकडची संध्याकाळ बिघडते. सूर्य समुद्राच्या बाजूला उतरून गेलेला असतो, आभाळ विझलेलं असतं, माडांच्या झावळ्या काळ्या झालेल्या असतात, आणि तरीही कुणग्यांमधला उजेड जात नाही. कुणगे म्हणजे आमची उतारावरची लहान लहान शेतं. वर काळोख आणि खाली जमिनीवर पिवळा उजेड पडलेला, कोणीतरी विसरून गेल्यासारखा. दहा-पंधरा मिनिटं तो तसाच राहतो. मला त्याची भीती वाटते. मी विज्ञान शिकते, तेव्हा असं लिहायला नको खरं तर. पण वाटते.

यंदा नव्याच्या, म्हणजे नव्या भाताच्या सणाच्या, आदल्या दिवशी घरी आले. कट्टा गावाला एसटीतून उतरले आणि पायवाटेने चालत निघाले. बांधावर आई उभी होती, हातात कोयती. माझी पिशवी तिने आधी घेतली, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"इलंस गो? सुकलंस." मग जरा थांबून, "तुजो तो पिवळो तांदूळ इलो काय?"

"नाय गो आये. अजून नाय."

"बरां," म्हणाली आणि पुढे चालू लागली.

चार वर्षं ती हे विचारते आहे. दर वर्षी, भात पिकलं की, एकदाच. माझं उत्तर तेच आणि तिचं 'बरां'ही तेच. त्या प्रश्नात काय आहे ते आमच्या घरातल्या चौघांनाच माहीत आहे.

चार वर्षांपूर्वी मी बारावी होऊन मालवणला कॉलेजात जाऊ लागले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. माझी बहीण वैजू तेव्हा आठ वर्षांची होती. आषाढात तिला गोवर आला. अंगावर लाल पुरळ उठलं, ताप उतरेना. आमच्याकडे गोवर हा आजार नव्हे, देवी घरात येते. मग घरात फोडणी द्यायची नाही, मासळी आणायची नाही, दारात कडुलिंब बांधायचा. चौथ्या दिवशी वैजू कोणालाच ओळखेना. तेव्हा आईने देव्हाऱ्यापुढे डोकं टेकून नवस केला. पोर उठली तर नव्यापर्यंत तिला पेजेवर ठेवीन, घरात मासळीचा काटासुद्धा आणणार नाही.

पोर उठली. आईने शब्द पाळला.

आषाढ, श्रावण, भादवा. वैजूसाठी सकाळी पेज, दुपारी पेजेतला भात, रात्री पुन्हा पेज. बरोबर मीठ, कधी कोकमाचं आगळ. परसात शेगलाचं, म्हणजे शेवग्याचं, झाड होतं, त्याचा पाला हिरवागार लोंबत होता. पण शेगल उष्ण, म्हणून वर्ज्य. विहिरीपाशी पपया पिकून पक्षी खात होते. पपईही उष्ण. देवी थंड ठेवायची तर पोटात थंडच जायला हवं. पेज थंड. पांढरी, पातळ आणि थंड. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले की वैजूच्या थाळीत डोकावायची. त्या पेजेत तिचा चेहरा दिसायचा.

काहीतरी बिघडतंय हे मला नक्की कधी जाणवलं असेल? आता मागे जाऊन शोधते तेव्हा खुणा सगळीकडे सापडतात. कोंबड्या डालग्याखाली जायला लागल्या की वैजूही खेळ टाकून घरात यायची. कोणी हाक मारायच्या आधी. आई म्हणायची, "बघ, आजारानंतर शाणां झालां चेडू." माजघरातून पडवीत येताना ती भिंतीला हात लावून चालायची. तांबड्या मातीने सारवलेल्या भिंतीवर तिच्या कमरेच्या उंचीवर एक काळपट रेघ उमटू लागली होती, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत. मला वाटलं खेळते आहे. एकदा सांजवेळी ती दारात उभी राहून खळ्याकडे, म्हणजे पुढच्या अंगणाकडे, बघत होती. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. मांजर तिच्या पायांतून गेलं तरी मान खाली वळली नाही. मी विचारलं, "काय बघतंस गो?"

"काय नाय. काळोख बघतंय."

खळ्यात तेव्हा चांगला उजेड होता. मी तिथे वाळत घातलेल्या तिच्या फ्रॉकवरची फुलंसुद्धा मोजू शकत होते. मी मनात म्हटलं, लहान मुलं काहीही बोलतात.

त्याच दिवसांत कॉलेजात आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी एक चित्र दाखवलं. दोन मुठी तांदूळ शेजारी शेजारी. एक नेहमीचा पांढरा, दुसरा पिवळा, आतपर्यंत पिवळा. त्यांनी सांगितलं की भाताचं टरफल पिकलं की सोन्यासारखं होतं, पण आतल्या दाण्यात जीवनसत्त्व 'अ' होणारं द्रव्य नसतं. गाजरात असतं, पपईत असतं, पाल्यात असतं, तांदळात नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी मक्याचा एक गुण आणि मातीतल्या एका जंतूचा एक गुण घेऊन तो भाताच्या बीजात घातला. आता दाणा आतूनही पिवळा. जिथली मुलं नुसत्या भातावर जगतात तिथे ती संध्याकाळ झाली की आंधळी होतात, आणि पुढे काहींचे डोळे कायमचे जातात. त्यांच्यासाठी हा तांदूळ. मी सगळं उतरवून घेतलं. बाईंचा एक शब्दही सुटू नये म्हणून मी इतकी खाली मान घालून लिहायची की त्यांचा चेहरा मला नीट आठवत नाही.

घरी येऊन मी सांगितलं. बाबा खळ्यात झावळ्यांचे झाप विणत होते. त्यांनी हात न थांबवता ऐकून घेतलं.

"म्हंजे भाताच्या आंगात येतला तर," ते म्हणाले. "मक्याचो जीव भातात."

"जीव नाय ओ बाबा, गुण."

"ताच ता. आंगात गुणच येतत." आणि हसले.

आई हसली नाही. चुलीपासून तिने विचारलं, "आणि एकदा इल्यावर उतरवतलो कोण?"

मोठमोठ्या सभांतून आजही लोक साधारण हेच विचारतात, फक्त लांब शब्दांत. यंदा बीटी वांग्यावरून पेपरात जे चाललं होतं ते वाचताना मला सारखा आईचा आवाज ऐकू येत होता. पण तेव्हा मला ती अडाणी वाटली. मला वाईट वाटतं हे लिहिताना.

कॉलेजात विज्ञान निबंधाची स्पर्धा होती. मी विषय घेतला, सोनेरी तांदूळ. असं काही लिहायची माझी पहिलीच वेळ. शब्द पुस्तकी यावेत म्हणून मी प्रत्येक वाक्य दोनदा लिहायची. रोज संध्याकाळी पडवीत बसायचं, दिवे गेलेले असायचे, कंदील पुढ्यात घ्यायचा. वैजू शेजारी येऊन बसायची, अगदी खेटून. एका संध्याकाळी मी लिहीत होते, 'दूरदूरच्या देशांतील गरीब बालकांना सूर्यास्तानंतर दिसेनासे होते.' शेजारून वैजू म्हणाली,

"ताई, दिवो कदी लावतलंस?"

कंदील आम्हा दोघींच्या मध्ये होता. त्याची काच तिच्या गुडघ्यापासून वीतभर लांब असेल.

मी म्हटलं, "लावलेलो आसा गो, गप बस." आणि वाक्य पुरं केलं.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मग नवं आलं. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं: आश्विनातल्या पुनवेला आमच्याकडे नव्या भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याची पानं आणि झेंडूचं फूल यांची जुडी बांधतात. त्या जुडीलाच 'नवं' म्हणतात. दाराला, विहिरीला, नांगराला, तुळशीला, सगळ्या उपयोगी वस्तूंना नवं बांधायचं. मग पहिला नवा भात खायचा. आमच्या वाडीत हे तिन्हीसांजेला करतात. त्या संध्याकाळी नवसही फिटणार होता. आईने सकाळीच बाबांना सांगून ठेवलं होतं की उद्या मासळी आणायची.

चंद्र डोंगरामागून वर आला होता. खळं सारवलेलं होतं आणि त्यावर इतका उजेड होता की सारवणातल्या बोटांच्या रेघा दिसत होत्या. मी पडवीत होते, कंदिलाशी. दुसऱ्या दिवशी निबंध द्यायचा होता, शेवटचं पान राहिलं होतं. आई-बाबा दाराला नवं बांधत होते. तुळशीला बांधायची जुडी वैजूच्या हातात होती. तिचा हात तुळशीपर्यंत पुरत नसे, म्हणून ती तुळशीच्या चौथऱ्यावर उभं असेल त्याच्याकडे द्यायची, दर वर्षीप्रमाणे.

मला आईची किंकाळी ऐकू आली.

मान वर केली तेव्हा वैजू खळ्याच्या मधोमध उभी होती. तुळशीपाशी नव्हे, तिच्या दोन हात बाजूला, जिथे काहीच नव्हतं. तिने दोन्ही हात वर केले होते, आणि ती नवं देत होती. कोणाला तरी. मान थोडी वर, तोंडावर हसू, मोठ्या माणसाच्या हातात वस्तू देताना मूल जसं उभं राहतं तशी. मग तिने हात सोडले. समोर घेणारा आहे अशा विश्वासाने सोडले. जुडी खाली पडल्याचा आवाज मला तरी आला नाही.

ती परत वळली, हात पुढे करून, भिंत शोधत.

आईने तिला पोटाशी धरलं. बाबांनी कंदील घेतला आणि खळं शोधलं. जुडी सापडली नाही. सकाळी एक लोंबीही सापडली नाही. उंदराने किंवा घुशीने ओढून नेली असेल, असं मी आता म्हणते. खळ्याला लागून दगडांचा गडगा आहे, त्यात बिळं आहेत. पण त्या रात्री घरात कोणीही घुशीचं नाव काढलं नाही. जागेवाल्याने मागून घेतलं, एवढंच बाबा म्हणाले. जागेवाला म्हणजे आमच्या वाडीचा राखणदार, डोळ्यांना न दिसणारा. तिन्हीसांजेला फिरतो म्हणतात.

सकाळी बाबांनी घाडीकाकांना बोलावलं. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. नारळ हातात घेऊन ते खळ्यात उभे राहिले, त्याच जागी. "बा देवा जागेवाल्या म्हाराजा, ह्या लेकराकडसून काय चुकलां-माकलां असात..."

"होय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

"...तेची वाट तू तेका दाखव..."

"होय म्हाराजा."

मीही म्हणत होते. गाऱ्हाण्यात 'होय' म्हणताना कोणी शब्द ऐकत नाही. घाडीकाका थांबले की होय म्हणायचं. वैजू आईच्या कुशीत उभी राहून ऐकत होती, आणि मला आठवतं, ती माझ्याकडे बघत होती. उन्हात तिला दिसायचं.

त्यानंतर तासाभराने रुक्माक्का आली. रुक्माक्का मालवणच्या बंदरावरून मासे घेऊन वाड्यांतून फिरणारी. तीन महिने तिची टोपली आमच्या दारात उतरली नव्हती.

"फिटलो काय गो नवस? माका वाटला तुमी बामण झालास," ती खळ्यात शिरतानाच ओरडली. टोपली उतरवली. बांगडे होते. मग तिने वैजूला जवळ ओढलं, तिची हनुवटी वर केली आणि तोंड उन्हाकडे वळवलं.

"ह्या कदीपासून?"

वैजूच्या डोळ्यांच्या पांढऱ्यावर, कडेला, एकेक ठिपका होता. तारलीचं खवलं चिकटावं तसा, सुका, चांदीसारखा. आणि उजव्या बुबुळावर धुकं. मी रोज तिच्या शेजारी बसत होते. मी ते पाहिलंच नव्हतं.

"सांजचा दिसता काय गो बाये तुका?"

"नाय," वैजू म्हणाली. कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

रुक्माक्का आईकडे वळली. "जागेवालो बिगेवालो मगे बघा. आमच्याकडे हेका मोरयेचा काळीज देतत. तेल काढून होडयेक लावतंव ना, ताच. होडयेच्या फळयेक लावच्या आदी पोरांक चाटवतंव. होडी बरी ऱ्हवता नि पोरांय." मोरी म्हणजे शार्क, आणि तिचं काळीज म्हणजे यकृत. "पण ह्या आता काळजान भागाचा नाय. आजच्या आज दवाखान्यात न्हेवा. उबी ऱ्हावा नको, चला."

टोपली आमच्याच खळ्यात टाकून ती आमच्याबरोबर कट्ट्यापर्यंत चालत आली. डॉक्टरांनी वैजूचा डोळा उघडून पाहिला आणि प्रश्न विचारले, काय खाते, आजारी कधी होती. आईने सगळं सांगितलं, नवससुद्धा, मान वर करून, कारण तिला वाटत होतं की हे चांगलं केल्याचं सांगते आहे. डॉक्टर काही रागावले नाहीत. त्यांनी औषध तिथेच पाजलं, आणि उजव्या डोळ्यासाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं. 'अ जीवनसत्त्व' हे शब्द त्यांनी उच्चारले तेव्हा माझ्या पिशवीत निबंध होता. मी तो कॉलेजात द्यायला निघाले होते ना. त्यात हेच शब्द सतरा ठिकाणी होते.

एसटीत आईने मला विचारलं, "पेजेन झाला?"

मी म्हटलं, "पेजेत नाय ता, आये. पेजेत काय वाईट नाय. फक्त ता जीवनसत्त्व नाय."

खिडकीबाहेर दोन्ही बाजूंनी पिकलेलं भात होतं, मैलोन् मैल पिवळं, आणि आतला दाणा पांढरा.

आठवड्याभरात वैजूला संध्याकाळी दिसू लागलं. आईने शेगलाचा पाला ओरबाडून काढला, झाड बोडकं केलं. डावा डोळा पूर्ण बरा झाला. उजव्यावर फूल राहिलं, पांढरं, तांदळाच्या कणीएवढं. ते जाणार नाही. निबंध मी कधीच दिला नाही.

पुष्कळदा मी स्वतःशी वाद घालते. परसात शेगल असताना, विहिरीपाशी पपई असताना, समुद्र हाकेवर असताना, प्रयोगशाळेतला तांदूळ कशाला, असं माझ्या वर्गातल्या मैत्रिणी विचारतात. त्यांचं बरोबर आहे. बी कोणाच्या हातात राहील, एकदा शेतात आलं की परत घेता येईल का, हेही विचारायला हवंच. आईनेच ते सर्वांत आधी विचारलं होतं. पण मला एक गोष्ट दिसते आणि ती नीट मांडता येत नाही. देवीने शेगल बंद केलं, पपई बंद केली, मासळी बंद केली. पेज कोणी बंद केली नाही. मूल तापाने फणफणलं, घरात नवस असला, आभाळ कोसळलं, तरी आमच्याकडे पेज चालते. सगळी दारं लागल्यावर जे एकच दार उघडं राहतं त्यातून ते जीवनसत्त्व आत आलं असतं, एवढंच मला म्हणायचं आहे. ती पेज पिवळी असती, तर आईच्या नवसानेच वैजूचा डोळा वाचवला असता.

हे मी आईला त्या वर्षी सांगितलं. चुकले की काय, कोण जाणे. तेव्हापासून ती विचारते, तुजो पिवळो तांदूळ इलो काय. विहिरीजवळचा सर्वांत लहान कुणगा ती दर वर्षी शेवटी लावते. लावणीच्या दिवशी त्याच्या बांधावर थोडा वेळ उभी राहते, वाटेकडे बघत. मग घरचंच रोप लावते.

काल नवं होतं. वैजू आता बारा वर्षांची आहे, शाळेत पळण्यात पहिली येते, उजव्या बाजूने कोणी आलं तर मात्र दचकते. वाडीतल्या बायका तिच्याशी जरा जपून वागतात, जागेवाल्याने जिच्या हातून नवं घेतलं ती म्हणून. भिंतीवरून दोनदा माती फिरली, तरी तिची रेघ दिसते.

आम्ही दोघी पडवीत जुड्या बांधत होतो. खाली कुणग्यांत तो उजेड पडून राहिला होता. मी सहज विचारलं, चार वर्षांत पहिल्यांदा.

"वैजू, त्या सांजेक तू नवां कोणाक दिलंस गो?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं, डाव्या डोळ्याने.

"तुका."

"मी हयच होतंय. पडवीत. लिहीत होतंय."

"माका काय म्हायत? माका दिसत नव्हता मा. मी इचारलंय, ताई, तू तुळशीकडे आसस काय? तू होय म्हटलंस."

आणि दोरा दातांनी तोडून ती पुढची जुडी बांधू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला ही गोष्ट कधी मोठी वाटलीच नव्हती.

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण मी तसं म्हटलं असणार. शेवटचं पान लिहीत होते, मान खाली होती. कोणी थांबलं की होय म्हणायचं.

चंद्र वर आला. आई आतून म्हणाली, तुळशीचा राहिला गो. वैजू जुडी घेऊन खळ्यात उतरली. आता तिचा हात पुरतो. तरीही मधोमध जाऊन ती थांबली, सवयीने, आणि पाठमोरीच म्हणाली,

"ताई, आसस काय?"

मी हातातलं सगळं खाली ठेवलं, उठले, खळ्यात उतरले आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन तिच्या समोर उभी राहिले, दोन्ही हात पुढे करून.